गुलाबांची उलटी बाजू

‘‘म्हणजे सतरंजीच ना?’’ आईने फोनवर विचारलं.

ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी मी तीन महिने पॅरिसला होते. या वीकेंडला ओब्यूसाँ नावाच्या गावाला चाललेय, हे तिला मी मोठ्या कौतुकाने सांगत होते. तिथे पूर्वी उमरावांच्या दिवाणखान्यांसाठी फुलाफुलांचे गालिचे विणले जायचे, त्यांचे जुने तुकडेसुद्धा आज अँटीकवाले जपून विकतात, वगैरे वगैरे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्याला लव असते का गं?’’ म्हटलं, नाही, सपाट असतो. ‘‘मग सतरंजीच की!’’

पॅरिसच्या एखाद्या गॅलरीत हे वाक्य टाकलं तर चार भुवया नक्की वर जातील. पण खरं सांगू? तांत्रिकदृष्ट्या आई शंभर टक्के बरोबर होती.

या गावाला जायचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी बाणेरला वन-बीएचके घेतला. ईएमआय सुरू झाला, पण दिवाळीचा बोनस हातात आल्यावर कोण ऐकतंय? एका चकचकीत शोरूममध्ये फिक्या गुलाबी फुलांचा, मलई रंगाचा एक गालिचा दिसला. सेल्समन म्हणाला, ‘‘मॅडम, फ्रेंच ओब्यूसाँ स्टाइल. हँडमेड. अँटीक फिनिश.’’ तीन शब्दसमूह, तिन्ही माझ्या वर्मी लागले. पंच्याऐंशी हजार. भिंतीला मॅचिंग ‘अँटीक रोझ’ शेड मारून घेतली, ते वेगळं. आठ महिन्यांनी एक कोपरा सुटला. सोफा आणि गालिचे धुणारा माणूस आला, त्याने गालिचा उलटा केला, मागचं पांढरं कापड अंगठ्याने थोडं सोलून पाहिलं आणि मला म्हणाला, ‘‘मॅडम, हा विणलेला नाहीये. चिकटवलाय.’’ मागे चक्क डिंकासारखा रबराचा थर होता. शोरूमला फोन केला, तर उत्तर आलं, बिलावर ‘स्टाइल’ असं स्पष्ट लिहिलंय. आणि खरंच लिहिलं होतं.

तर असली ओब्यूसाँ एकदा डोळ्यांनी बघायचाच, हा माझा पण.

राजाचं नाव, गावाचं काम

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून लिमोजकडे जाणारी गाडी पकडायची आणि ला सूतेरेन नावाच्या स्टेशनवर उतरायचं. पुढे गेरेमार्गे गाडीने तासाभराहून थोडा जास्त रस्ता. हा क्रूझ जिल्हा म्हणजे फ्रान्समधल्या सर्वांत विरळ वस्तीच्या भागांपैकी एक. हिरव्या टेकड्या, कुंपणांतल्या गायी, दगडी घरं, आणि मोबाइलची रेंज आपल्या मर्जीने येणारी-जाणारी. इथले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी पायी पॅरिस गाठायचे. पॅरिसच्या किती इमारतींवर त्यांचा हात फिरलाय, त्याची गणती नाही. म्हणजे या जिल्ह्याने पॅरिसला भिंतीही दिल्या आणि जमिनीवर अंथरायला फुलंही दिली.

ओब्यूसाँ क्रूझ नदीच्या काठी एका अरुंद खोऱ्यात दाटीवाटीने वसलंय. लोकसंख्या जेमतेम तीन हजारांच्या वर. आपल्याकडच्या एका टाउनशिपमध्ये याहून जास्त माणसं राहतात! जुना दगडी पूल, वरच्या बाजूला घड्याळाचा मनोरा, उतरत्या छपरांची जुनी घरं. दुपारी बाराच्या ठोक्याला दुकानं बंद आणि गल्लीत फक्त नदीचा आवाज. नदीच्या पाण्यात खनिजं कमी, म्हणून लोकर धुवायला आणि रंगवायला ते फार चांगलं, असं इथे प्रत्येक जण सांगतो.

हे काम इथे आलं कसं, याची एक मस्त दंतकथा आहे. तुर्की सुलतान दुसरा बायझीद याचा भाऊ जेम सत्तेची लढाई हरला आणि 1480च्या दशकात याच जिल्ह्यातल्या बूर्गानफ गावी नजरकैदेत होता. त्याच्या सोबतच्या माणसांनी गावकऱ्यांना विणकाम शिकवलं म्हणे. राजपुत्र नजरकैदेत होता हे खरं, पण विणकामाचा भाग इतिहासकार मानत नाहीत. ते उत्तरेकडच्या फ्लँडर्समधून आलेल्या विणकरांकडे बोट दाखवतात. मला मात्र राजपुत्राचीच गोष्ट आवडली, काय करणार?

सोळाव्या शतकापासून इथल्या घराघरांत माग होते आणि त्यांवर भिंतीवर टांगायची चित्रं विणली जायची. 1665मध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत, कोलबेर मंत्री असताना, या विणकरांना ‘रॉयल मॅन्युफॅक्चर’ असं बिरुद मिळालं. नाव राजाचं, माग मात्र विणकरांच्या घरातच राहिले. आणि वीसच वर्षांनी, 1685मध्ये, त्याच राजाने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. गावातले कितीतरी विणकर प्रोटेस्टंट होते. हात आणि हुनर घेऊन ते जर्मनी, स्वित्झर्लंडकडे निघून गेले. एका सहीने गाव निम्मं मुकं झालं असेल.

गालिचे आले त्यानंतर, 1740च्या दशकात. तोवर फ्रान्समध्ये गालिचा म्हटला की साव्होनरी. पॅरिसजवळच्या एका जुन्या साबणाच्या कारखान्यात सुरू झालेली ही राजाची खास कार्यशाळा, म्हणून नावही साबणावरूनच. तिथे एकेक गाठ मारून, लव कापून गालिचे बनायचे. लूव्हरच्या एका लांबलचक दालनासाठी लुईने असे नव्वदहून जास्त गालिचे करायला सांगितले होते. राजाला परवडतं हो! पण वकील, व्यापारी, मध्यम दर्जाचे सरदार यांना घरात तसंच काहीतरी हवं होतं. (ओळखीचं वाटतंय ना?) ओब्यूसाँने आधी गाठींचे गालिचे करून पाहिले. पण गावाला येत होतं ते काम सपाट विणीचं. मग भिंतीवरच्या चित्रांची तीच वीण थोड्या जाड धाग्यात करून थेट जमिनीवर अंथरली. लोकर कमी, वेळ कमी, किंमत कमी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे सपाट गालिचे युरोपभर पोचले होते.

म्हणजे ज्याला आज आपण लक्झरी म्हणतो, ती मुळात साव्होनरीची बजेट आवृत्ती होती. ‘स्टाइल’ हा शब्द बिलावर तेव्हा नसायचा, एवढाच फरक!

विणणारी फुलं बघत नाही

गावात 2016 साली उघडलेलं ‘सिते’ नावाचं मोठं टॅपेस्ट्री केंद्र आहे. म्युझियम आणि विणकामाचं शिक्षण, दोन्ही एका छताखाली. तिथे मागावर काम करणारी एक विणकर पाहिली आणि मी अर्धा तास हललेच नाही.

माग आडवा असतो, आपल्या हातमागासारखा. ताण्याचे सुती धागे आडव्या पातळीत ताणलेले, पायाशी पावड्या. पाय दाबला की एकाआड एक धागे वर-खाली होतात. ताण्याच्या खाली, धाग्यांच्या फटींतून दिसेल असं, मूळ डिझाइनचं कागदी चित्र लावलेलं. विणकर मागावर ओणवी होऊन त्या फटींतून खालचं चित्र बघत रंगीत लोकर भरत जाते. लोकर गुंडाळलेली लाकडी कांडी बासरीसारखी बारीक असते, तिला म्हणतातही ‘फ्ल्यूत’. पूर्ण रुंदीभर धोटा फेकायचा प्रश्नच नाही. जिथे गुलाबी हवा तिथेच गुलाबी, तो भाग संपला की कांडी तिथेच लोंबकळत सोडायची आणि हिरवी उचलायची. मग नखांनी आणि फणीने धागा खाली ठोकायचा.

आणि आता खरी गंमत. ती जे विणते आहे, ती उलटी बाजू आहे. सुटलेली टोकं, गाठी, लोंबते धागे सगळे तिच्या तोंडासमोर. सुलटी बाजू खाली, चित्राकडे तोंड करून. शिवाय जेवढं विणून होतं तेवढं रूळावर गुंडाळलं जातं. काम कसं चाललंय ते पाहायचं असेल तर ताण्याखाली छोटा आरसा सरकवायचा आणि तळहाताएवढं बघून घ्यायचं. डिझाइनही आरशातल्यासारखं उलटं काढलेलं असतं, कारण तयार झाल्यावर डावं उजवीकडे जाणार.

किती वेळ लागतो? भिंतीवरच्या टॅपेस्ट्रीचा अंदाज असा की, एक माणूस महिन्याला साधारण एक चौरस मीटर. बारकावा जास्त असेल तर त्याहूनही कमी. गालिच्याची वीण जाड, त्यामुळे जरा भरभर होते. तरी माझ्या हॉलमधल्या साइजचा गालिचा म्हणजे कित्येक महिने. आणि एवढे महिने विणणाऱ्याने आपला गुलाब पूर्ण पाहिलेलाच नसतो. शेवटच्या दिवशी ताण्याचे धागे कापतात, काम मागावरून उतरतं, उलटं केलं जातं आणि तेव्हा सगळे जण ते पहिल्यांदा बघतात. या क्षणाला इथे एक खास नाव आहे आणि आजही तो छोट्या समारंभासारखा करतात. आम्ही रोज संध्याकाळी डॅशबोर्ड रिफ्रेश करणारी माणसं. मला हा हिशोब पचायला वेळ लागला.

एक गोष्ट पाहताना मात्र मी जोरात ‘अरे!’ म्हणाले. प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी, आणि रंगाचा धागा फक्त आपल्या भागापुरताच फिरतो... हे तर पैठणीचं तंत्र! येवल्यात पदराचा मोर विणताना पाहिला असेल तर तुम्हाला इथे काहीच नवीन वाटणार नाही. फरक आहे तो दोन रंगांच्या सीमेवर. पैठणीत शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकवून वळवतात, म्हणून कापड सलग राहतं आणि दोन्ही बाजूंनी सारखंच सुबक दिसतं. ओब्यूसाँमध्ये रंग उभ्या रेषेत भेटले की मध्ये फट राहते. विणून झाल्यावर त्या फटी सुईदोऱ्याने हाताने शिवून बंद करतात. शंभर-दीडशे वर्षांनी गालिचा पहिल्यांदा कुठे उसवतो? याच टाक्यांवर.

पाकळीवर गडदातून फिकं कसं होतं, तेही पाहून घ्या. लांबून वाटतं ब्रशने रंगवलंय. जवळ गेलं की दिसतात एकमेकांत घुसलेल्या दोन कंगव्यांच्या दातांसारख्या रेषा. एक रंग दुसऱ्यात बोटं घालतो. डोळा फसतो तो तिथे.

अँटीक रोझ, म्हणजे काय?

दुपारी गावातल्या एका छोट्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जायला मिळालं. टेबलावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, तिसऱ्या नेपोलियनच्या काळातला एक गालिचा पसरला होता. हा काळ म्हणजे फुलांचा महापूर. आधी सोळाव्या लुईच्या काळात नाजूक माळा आणि फिती असायच्या, पहिल्या नेपोलियनच्या काळात लॉरेलची पानं, गरुड अशी शिस्तीची नक्षी. नंतर मात्र कोबीएवढे टपोरे, शंभर पाकळ्यांचे गुलाब, हॉलीहॉक, ट्युलिप, आणि कडेने कोरीव लाकडी चौकटीसारखी वळणं. पुष्कळदा गालिच्याची मांडणी वरच्या छताच्या नक्षीला जुळेल अशी करायचे. मध्ये झुंबर, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर गुलाबांचा गुच्छ. म्हणजे खोली आधी, गालिचा नंतर. आपण उलटं करतो. गालिचा आधी घेतो आणि मग भिंत रंगवतो.

समोरचा गालिचा अगदी माझ्या स्वप्नातला होता. दुधाळ, चहात बुडवल्यासारखी गुलाबी छटा, राखाडी हिरवी पानं. मी म्हटलं, काय कलर सेन्स होता या लोकांचा! दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी काही न बोलता एक कोपरा उचलून उलटा केला.

मागे लालभडक गुलाब होते. पोपटी पानं. मधल्या मलई रंगाच्या जागी चक्क पिवळसर झाक. लोंबत्या धाग्यांच्या गर्दीतून तो रंग असा अंगावर आला की, मला गणपतीच्या मखराची आठवण झाली!

उजेड, धूळ, धुणं यांनी पुढची बाजू विटली होती, मागची उजेडाविना जशीच्या तशी राहिली होती. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून लाल, नीळ वापरून निळा, असे वनस्पतींचे रंग बराच काळ टिकायचे. 1856मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला आणि त्यानंतरच्या दशकांतले काही नवे रंग तर फारच लवकर उडाले. म्हणजे जगभरचे इंटिरिअरवाले ज्याला ‘ओब्यूसाँ पॅलेट’ म्हणतात, शोरूमवाला ज्याला ‘अँटीक फिनिश’ म्हणाला आणि मी ज्यासाठी अख्खी भिंत रंगवली, तो बऱ्याच अंशी उडालेला रंग आहे. ज्यांनी तो विणला, त्यांना भडकच हवा होता. मेणबत्तीच्या उजेडात दिसायचा तर तसाच लागणार ना!

या नक्षीने पुढे प्रवासही फार केला. पूर्वेकडे बेसाराबियात, म्हणजे आजच्या मोल्दोव्हा आणि आसपासच्या भागात, जमीनदारांच्या घरांतून हे फ्रेंच गुलाब उतरले आणि गावातल्या बायकांच्या मागांवर जाऊन बसले. तिथे ते काळ्याभोर पार्श्वभूमीवर आले, जास्त ठसठशीत, जास्त मोकळे. मुलीच्या रुखवतात गालिचा हवाच आणि तो भिंतीवर टांगायचा, अशी पद्धत. रोमानिया आणि मोल्दोव्हाच्या या भिंतीवरच्या गालिच्यांना 2016मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. खरं सांगायचं तर मला ओब्यूसाँपेक्षा ते काळे गालिचे जास्त आवडले. पण तो दौरा पुढच्या बोनसला!

ओब्यूसाँ स्वतः त्या यादीत 2009मध्ये आलं. त्याआधी मरता मरता वाचलं होतं. यंत्रावर स्वस्तात गुलाब निघायला लागले, मोठे दिवाणखाने गेले, माग बंद पडले. 1930च्या दशकात मारी क्यूतोली या बाईंनी पिकासो, ले कॉर्ब्युझिए अशा लोकांची चित्रं इथे विणून घेतली. मग जाँ ल्युर्सा या चित्रकाराने कमी रंग, आकडे घातलेलं डिझाइन, जाड वीण अशी शिस्त आणून टॅपेस्ट्रीला पुन्हा उभं केलं. अलीकडे ‘सिते’ने टोल्किनची चित्रं आणि हायाओ मियाझाकीच्या सिनेमांतली दृश्यं भल्यामोठ्या आकारात विणून घेतली आहेत. तरुण मंडळी ते बघायला येतात आणि पाहता पाहता मागापर्यंत पोचतात. फुलांच्या सपाट गालिच्यांचं बाजारातलं काम मात्र इथून कधीच दूर गेलं. हाताने विणलेले नवे ‘ओब्यूसाँ’ चीनमध्ये मोठ्या प्रमाणात होतात, आपल्याकडेही होतात. त्यात वाईट काहीच नाही, कुणाचे तरी हात त्यात आहेतच. फक्त घेताना कोपरा उचलून मागे बघा. विणलेला असेल तर मागेही तीच फुलं दिसतील. कापड चिकटवलेलं दिसलं तर बिल वाचा.

निघताना वर्कशॉपच्या खिडकीत उशांचे काही सुंदर अभ्रे दिसले. जुन्या गालिच्यातला एकेक गुलाब, कडेला मखमल. मी किंमत विचारणार, तेवढ्यात बाईच म्हणाल्या की, हे तुकडे त्यांच्याकडे असेच येतात. गालिचा थोडा फाटला की कुणीतरी त्याचे अभ्रे करून टाकतं, कारण पूर्ण गालिच्यापेक्षा ते पटकन विकले जातात. दुरुस्त होण्यासारखा होता, की नव्हता, ते मग कळायला मार्ग राहत नाही. तक्रारीचा सूर नव्हता. नुसतं सांगत होत्या.

माझ्या पोटात गोळा आला. कारण निघायच्या आदल्या आठवड्यात मीच आईला सांगितलं होतं की, आजीची पैठणी पडूनच आहे, पदर विरलाय, तर टेलरकडे देऊन हॉलसाठी पाच कुशन कव्हर्स शिवून घे. त्या चिकटवलेल्या गालिच्याला मॅचिंग!

वर्कशॉपबाहेर पुलावर येऊन आईला फोन लावला. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. रेंज दोनदा गेली.

‘‘आई, पैठणी दिलीस का टेलरकडे?’’

‘‘अगं, काढून ठेवलीये पिशवीत. उद्या जाणार होते. का गं?’’

‘‘देऊ नकोस. आधी पदर उलटा करून बघ.’’

‘‘आत्ता? सीरियल चालू आहे माझी.’’

‘‘आई!’’

पिशवीचा खसखस आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

‘‘उलटसुलट सारखंच दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि हे बघ, इथे मोराच्या मानेपाशी तुझ्या आजीने रफू केलंय. धागा जरा वेगळा आहे. मला कधी दिसलंच नव्हतं.’’

‘‘कुठल्या रंगाचा?’’

‘‘थांब, चष्मा आणते.’’